बोय, बादली आणि बोटाला पट्टी

सांगली-साताऱ्याची गँग, निळं पिंप आणि वाशिष्ठीची खाडी... एका हटके वीकेंडची गोष्ट!

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप मिटायच्या बेतात होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. दादा. म्हणजे माझा सांगलीचा मावसभाऊ.

"ए, उद्या मोकळी हायस काय? खाडीवर चाललोय, मासे धरायला. येतीस तर ये, नाहीतर बस तिथं पुण्यात कॅपुचिनो पीत!"

आता तुम्हीच सांगा, असा टोमणा ऐकल्यावर कुणाला कॅपुचिनो गोड लागेल? सॅकमध्ये टॉवेल, सनस्क्रीन आणि वही कोंबली आणि रात्रीची एसटी पकडून कराड गाठलं. अडीचच्या सुमारास दादाची गाडी स्टँडबाहेर उभीच होती. आत तिघं. दादा कुपवाड एमआयडीसीत इंजिनिअर. त्याचा सातारकर मित्र बँकेत आहे आणि संगम माहुलीच्या डोहात गळ टाकत लहानाचा मोठा झालाय. (हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स. सातारकर रिकाम्या हाताने कुठे जात नाही.) आणि तिसरा ड्रायव्हिंगला, जो सगळ्या प्रवासात फक्त "हूं" म्हणाला.

गाडीत आणखी एक पॅसेंजर होता. डिकीतलं निळं पिंप. झाकणाला भोकं, बॅटरीवरचा एअर पंप, आणि आतून सारखा खळखळ आवाज.

"चिलापी," दादा अभिमानाने म्हणाला. "हरिपूरच्या संगमावर काल धरली. पंधरा-वीस हायत. जिवंत आमिष! मरळ तर यावर तुटून पडतो. खाडीतला जिताडा काय सोडतोय होय?"

प्लॅन एकदम सिंपल होता. हुकाला छोटा जिवंत मासा लावायचा, तो पाण्यात फडफडणार, आणि मोठा मासा त्याला गिळायला येणार. सांगलीत कृष्णेवर हे पिढ्यान्पिढ्या चालतं. मरळ, शिवडा, वाम... गांडुळाला न भुलणारे हे दादा लोक जिवंत चाऱ्याला फसतात. फक्त आता नदीऐवजी खारं पाणी. एवढाच काय तो फरक, असं आम्हाला वाटत होतं.

पाटण मागे पडलं, कोयनानगर आलं. अंधारात धरण दिसत नव्हतं, पण सातारकराचं लेक्चर सुरू झालं, आणि खरं सांगते, ते लेक्चर मला दिवसभर पुरलं. शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी. यातलं पूर्वेला सोडलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखालून पुढे थेट बंगालच्या उपसागराकडे जातं. पण दुसरा वाटा डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या वीजगृहात कोसळतो. वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने दिलेली आहे. वीज तयार झाली की ते पाणी वाशिष्ठीत, आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत. म्हणजे आम्ही ज्या खाडीत गळ टाकायला निघालो होतो, तिच्या पाण्यात साताऱ्याचा पाऊस होता! बाहेरगावी जाऊन घरच्यांनाच भेटल्यासारखं.

"चिवट हाय म्हणूनच नको"

कुंभार्ली घाट उतरून चिपळूण ओलांडलं तेव्हा उजाडत होतं. खाडीकाठच्या एका छोट्या गावात काका होडी घेऊन तयार होते. साठीचे असावेत. घराणंच खाडीवर जगणारं. दादाची त्यांच्याशी ओळख एका कामातून झालेली, आणि ठराव आधीच पक्का: होडी त्यांची, दिवस त्यांचा, जे मिळेल तेही त्यांचं. आम्हाला फक्त मजा.

द्वादशी होती. भरती कधी, असं मी विचारलं आणि फोनमध्ये टाइड टेबल शोधायला लागले. काकांनी तोवर उत्तर दिलंसुद्धा. "बारा तिथीची पाऊणकी किती? नऊ. नवाच्या सुमाराला भरती पुरी. इथं आत खाडीत अजून थोडा उशीर धर." तिथीला पाऊणने गुणायचं, झाली भरतीची वेळ! पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. ना नेटवर्क, ना बॅटरी. फंडा क्लिअर.

दादाने पिंप होडीजवळ आणलं. काकांनी झाकण उघडून आत बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला.

"हे कशाला आणलंस?"

"चिलापी, काका. आमिषाला. लै चिवट असते. हुकाला लावली तरी तास-तास मरत नाही."

"चिवट हाय म्हणूनच नको. हे पिंप होडीत चढणार नाय."

दादाने समजावून बघितलं. खाऱ्या पाण्यात ती काय जगतेय, दहा मिनिटांत मरेल की... काका ऐकेनात. आणि बरोबर काकाच होते. हे मी नंतर वाचून खात्री करून घेतली. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. मोझांबिक तिलापिया भारतात आणली गेली १९५२ साली, स्वस्तात भरपूर मासे मिळावेत म्हणून. मासे भरपूर मिळाले. इतके, की आज अनेक नद्या-तलावांत मूळच्या माशांना जागा उरली नाही. ती गोड्या पाण्यातली असली तरी खारं पाणी पचवते. आणि खरी गंमत पुढेच आहे. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते! म्हणजे हुकावरून एक मादी निसटली, तर तुम्ही एक मासा सोडलात असं समजायचं कारण नाही. तिच्या तोंडात अख्खा पाळणाघर असू शकतो.

वर आणि ओळखीचा घोळ. खाडीत काळुंदर नावाचा देशी मासा असतो. चपटा, उंच पाठीचा, अंगावर मोत्यासारखे ठिपके. चवीला फर्स्ट क्लास. चिलापी त्याच्याच कुळातली, लांबून बघितली तर चुलतभाऊच वाटते. मासळी बाजारात नवखा माणूस एकाच्या भावात दुसरी घेऊन येतो.

पिंप गाडीतच राहिलं. पंप चालू ठेवून. दादा जरा फुगला होता, पण सातारकराने त्याच्या तोंडात पेढा घातला.

मला मासे ओळखता येतात... ताटातले!

मग आमिष कुठून आणायचं? काकांनी होडीच्या टोकावर उभं राहून पाग फेकला. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिसं बांधलेलं. हवेत ते छत्रीसारखं उघडलं आणि तिवरांच्या मुळांजवळ अलगद बसलं. (दादाने नंतर एकदा ट्राय केलं. ते लंगोटीसारखं पडलं. जास्त लिहीत नाही.)

जाळ्यातून बादलीत जे आलं, ते बघून मी गप्पच झाले. मी कोकणी हॉटेलांत जाम मासे खाल्लेत. पण मला सुरमई माहीत आहे ती तुकडीच्या रूपात. बोंबील माहीत आहे तो रव्यात लोळलेला. इथे बादलीत आठ-दहा चंदेरी जीव उड्या मारत होते आणि मला त्यातला फक्त एक ओळखता आला, तोही पोट फुगवून चेंडू झाला म्हणून. केंड. त्याला हात लावायचा नाही, खायचा तर अजिबात नाही, विषारी असतो. काकांनी तो वल्ह्याने परत पाण्यात ढकलला. एक मिशीवाली शिंगटी होती, तिच्या पाठीवरचा आणि बाजूचा काटा लागला तर हात दिवसभर ठणकतो म्हणे. तीही गेली.

"आता यातल्या बोय वेगळ्या काढ," काका मला म्हणाले. "चांगल्या, बोटापेक्षा थोड्या मोठ्या. त्याच लावायच्या."

बोय म्हणजे खाडीतली सगळ्यात कॉमन मंडळी. गोव्याकडे हिला शेवटो म्हणतात. पाण्यातून एकदम टुणकन उडी मारणारा चंदेरी मासा बघितलाय? बहुतेक तीच. चिखलावरचं शेवाळ आणि बारीकसारीक खाते, त्यामुळे गळाला सहसा लागत नाही, जाळ्यानेच धरावी लागते. आणि मोठ्या माशांचा आवडता नाश्ता.

मी कामाला लागले. एक, दोन, तीन... चौथा मासा जरा जाडसर होता. चांगलाच दमदार, म्हटलं हाच बेस्ट. उचलला, आणि त्याने अंग झाडलं. अंगठ्यातून सर्रकन ब्लेड फिरल्यासारखं झालं. रक्त!

"सोडू नको, दाखव," काका म्हणाले. त्यांनी मासा ओल्या हातात घेतला, पाण्यातच धरला, आणि हसले. "पोरी, हा बोय नाय. हा जिताड्याचा पोर हाय."

म्हणजे ज्याला पकडायला आम्ही घाट उतरून आलो होतो, त्याचंच पिल्लू मी त्यालाच पकडायला हुकावर चढवणार होते.

पुढची दहा मिनिटं काकांनी माझी शिकवणी घेतली. अंगठा तोंडात धरून मी ऐकत होते. बोयचं डोकं वरून चपटं, तोंड एवढंसं, जणू कायम रुसलेलं. डोळ्यावर जाड पारदर्शक पापणी, चष्मा लावल्यासारखी. पाठीवर दोन पर, एकमेकांपासून चांगले लांब, आणि पुढच्या परात फक्त चार काटे. शेपटीला खाच. आणि अंगावर मधून जाणारी ती रेघ असते ना बहुतेक माशांना, ती हिला नाही.

जिताड्याचं सगळं उलटं. कपाळ खोलगट, डोक्यावरून पाठीकडे जाताना एकदम चढ. तोंड मोठं, जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत. शेपटी गोल, पंख्यासारखी. अंगावरची रेघ स्पष्ट, थेट शेपटीपर्यंत. कल्ल्यावरच्या झाकणाला करवतीसारखे दात आणि एक दणकट काटा, ज्याची माझ्या अंगठ्याशी नुकतीच ओळख झाली होती. एकदा कळलं की दोघांत काडीचंही साम्य वाटत नाही. न कळेपर्यंत मात्र दोन्ही म्हणजे "छोटा चंदेरी मासा".

काकांनी पिल्लू सोडून दिलं. शेपटीचा एक झटका, गायब.

जिताडा ही काय चीज आहे ते खवय्यांना सांगायला नको. अलिबाग-पेणकडे जिताडा, मालवण-गोव्यात चोणक, काही ठिकाणी खजुरा. रायगडात लोक याची पिल्लं घरच्या तळ्यात सोडून वाढवतात, पाहुणा आला की काढतात. पण तळ्यात तो वाढतो, त्याची वीण होत नाही. त्यासाठी त्याला पावसाळ्यात नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात जावं लागतं. मग पिल्लं खाडीत, खाजणात, तिवरांत वर येतात. चेन्नईच्या 'सिबा' या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये त्याची हॅचरीत पैदास करून दाखवली, पण खाडीतला जिताडा आजही खाडीच्याच भरवशावर आहे.

आणि आता जो पॉइंट ऐकून आमच्या होडीत शांतता पसरली तो. जिताडा जन्माने नर असतो! काही वर्षं नर म्हणून संसार करतो आणि मोठा झाला, साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या आसपास गेला, की मादी होतो. म्हणजे ज्या धिप्पाड जिताड्याबरोबर लोक अभिमानाने फोटो काढतात, तो "तो" नसतोच. ती लाखो अंडी घालणारी बाई असते. खालून पिल्लं हुकाला लावायची आणि वरून या बाया काढायच्या, तर मधे राहिलं काय? २०२३ मध्ये राज्य सरकारने ५० हून अधिक जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यामागचं गणित हेच. मासा निदान एकदा तरी विणीला जाऊ द्या.

नाकातून की पाठीतून?

आता मुख्य काम. जिवंत मासा हुकाला लावणं. ज्यांना वाचवणार नाही त्यांनी हा भाग सोडून द्या, मीसुद्धा अर्धा वेळ दुसरीकडे बघत होते.

पहिली गोष्ट, बादली. बोय जिवंत राहिली तर आमिष, नाहीतर कचरा. एका बादलीत पाच-सहाच, जास्त नाही. पाणी खाडीचंच, नळाचं मुळीच नाही, आणि दर थोड्या वेळाने बदलायचं. वर ओलं फडकं, म्हणजे अंधारात मासा शांत राहतो. कोरड्या हाताने धरायचं नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की तो गेलाच. मी दोन्ही हातांना एसपीएफ ५० फासून बसलेली! काकांनी मला आधी चिखलाने हात धुवायला लावले.

दुसरी गोष्ट, हुक. दादाकडे नेहमीचे वाकडे गळ होते, सातारकराकडे सर्कल हुक. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे माशाने गिळलं तरी तो पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. अट एकच, मासा लागला की हिसका द्यायचा नाही. दोरी हळूहळू गुंडाळत राहायचं. इथेच सगळे नदीवाले चुकतात, कारण हिसका हातात भिनलेला असतो.

आणि गळ टोचायचा कुठे? पाण्याला ओढ असेल तर वरच्या ओठातून, नाकाच्या पुढून. मग बोय प्रवाहाकडे तोंड करून नीट पोहते. पाणी संथ असेल तर पाठीतून, पराच्या खाली पण कण्याच्या बऱ्याच वर. कण्याला लागलं की खेळ खलास. दादाने पहिली बोय लावली. तिचं ते तोंड उघड-मीट करणं मी बघितलं आणि सकाळचा पेढा जरा वर आला. नॉर्वे आणि आयर्लंडमध्ये जिवंत मासा असा आमिष म्हणून वापरायला बंदी आहे. आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही होडीत बसून विचारला नाही. ताटातल्या बांगड्याला विचारत नाही, तसाच.

भरती थांबली. काही मिनिटं पाणी नुसतं उभं. मग तिवरांतली पानं उलट्या दिशेने वाहायला लागली. "आता," काका म्हणाले. ओहोटीबरोबर छोटे मासे मुळांतून बाहेर येतात आणि जिताडा तोंडाशी टपून बसतो. पलीकडच्या चिखलावर एक मगर ऊन खात पडली होती. मला नवल वाटेना. सांगलीकरांना मगर म्हणजे शेजारीण. पाय मात्र सगळ्यांनी आत घेतले.

पहिली बोय अर्धी कापून परत आली. दुसरी तशीच, दमलेली. काकांनी ती सोडून दिली. तासभर काहीच नाही. याच खाडीत वरच्या कारखान्यांचं रासायनिक पाणी आल्याने मासे मेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. काकांना विचारलं, तर फक्त एवढंच म्हणाले, "पूर्वी बापाबरोबर यायचो, तेव्हा घरी जायची वेळ आपण ठरवायचो. आता खाडी ठरवते."

तिसऱ्या बोयला... बुप्प! असाच आवाज. जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. दादाचा रॉड वाकला. "हिसका नको!" आम्ही तिघं एका सुरात ओरडलो. ड्रायव्हरसुद्धा बोलला! मासा एकदा पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं, कल्ले उघडे, उन्हात नुसतं चांदी. दहा-बारा मिनिटं. मग काकांनी खाली हाताचं जाळं धरलं.

दीड हात. हुक जबड्याच्या कोपऱ्यात. मी मनातल्या मनात मोजलं, साठ-पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे अजून बहुधा नर.

सातारकराने फोटो काढला आणि म्हणाला, "सोडूया ना काका. कॅच अँड रिलीज. बाहेर सगळे असंच करतात."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, जरा कुतूहलानेच.

"सोडायचा तर धरायचा कशाला?"

कुणालाच उत्तर सुचलं नाही. ठराव ठरावच होता. मासा ओल्या गोणपाटात गेला. दुपारी चिपळूणच्या एका हॉटेलवाल्याला फोन झाला, भाव ठरला, काकांच्या घरचा आठवडा जरा सुखाचा गेला असणार. आम्हाला काकींनी उरलेल्या बोयचं तिखलं आणि भात वाढला. बोयला चिखलाचा वास येतो म्हणतात. त्यात मुबलक त्रिफळं पडली की येत नाही.

आणि ते पिंप?

गाडीत पंधरा-वीस चिलापी अजून ठणठणीत होत्या. इथे सोडायच्या नाहीत, हे तर झालंच. कोयनेत सोडूया का, असं ड्रायव्हर म्हणाला (दिवसातलं त्याचं दुसरं वाक्य), आणि सातारकर त्याच्यावर असा काही डाफरला की तो थेट कराडपर्यंत गप्प. हरिपूरला नेऊन परत सोडणं म्हणजे जिथला प्रॉब्लेम तिथेच. शेवटी काकांनीच कोयता आणला आणि घाट चढायच्या आधी पिंप रिकामं केलं. मासे साफ करून बर्फात.

मी पुण्याला न जाता दादाबरोबर सांगलीला गेले. रात्री मावशीने पिशवी उघडली, एक मासा शेपटीला धरून दिव्याखाली उलटसुलट करून बघितला आणि माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे नजर टाकली.

"एवढ्या लांब समुद्रावर गेलात... आणि हरिपूरची चिलापी आणलीत होय?"